कामगार दिनाला जोडून आलेली सुट्टी: जमायचे सगळ्यांनी, पण राबायचे कोणी?

झोपाळा_गॅलरीतला (१८ एप्रिल २०२६, रात्री ९.४०)

यंदा १ मे शुक्रवारी आला आहे, त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आहे आणि पुढे शनिवार-रविवार जोडून येतात, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत आणि लालबागच्या जुन्या चाळीतल्या मंडळींत आठवडाभर फोनाफोनी चालू आहे. चाळ सुटून बारा वर्षे झाली. कोणी विरारला गेले, कोणी डोंबिवलीला, कोणी पनवेलला. आम्ही चिंचपोकळीला राहिलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि त्यांच्या हयातीपासून कामगार दिनाला सर्वांनी आमच्या घरी जमायचे असा रिवाज आहे. ते गेल्यावरही तो मोडला नाही आणि पुढेही मोडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या वर्षी आम्ही सव्वीस जण जमलो होतो. आमरस-पुरी, बटाट्याची भाजी, कैरीची डाळ असा बेत होता. पंगती उठल्या, मुले पत्ते खेळायला बसली, मोठी माणसे पंख्याखाली आडवी झाली. पावणेचारच्या सुमारास मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर आई ओट्याशी उभी होती आणि परातीत उरलेल्या दोन वातड पुऱ्या रसाच्या रिकाम्या पातेल्याला पुसून खात होती. तिचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. मी म्हटले, ‘बसून खा ना गं.’ ती म्हणाली, ‘आता कुठे बसू? चहाचं आधण ठेवलंय.’ त्या सव्वीस जणांत मीही होतो, आणि सकाळपासून मला हे दिसले नव्हते. ते पातेले वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाही.

म्हणून विचारतो. तीन दिवसांची ही सुट्टी कशी आखावी, म्हणजे जमणेही होईल आणि कोणाची सुट्टी चुलीपाशी जाणार नाही? तुमच्या घरी काय करता ते सविस्तर लिहा.


विरार_जलद (१८ एप्रिल, रात्री १०.१५)

आम्ही चार वर्षांपासून प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा असे ठरवले आहे आणि ते छान चालते. मात्र मे महिन्यात लोकलने दीड तास काय टिकते हे पाहून वाटणी करावी लागते. आमरस डब्यातून आणू नये. आंबे आणावेत आणि रस तिथेच काढावा. पुऱ्या प्रवासात मऊ पडतात. कोथिंबीर वडी, सुकी उसळ, घडीच्या पोळ्या, लोणचे, लाडू हे सगळे सुखरूप पोहोचते. रविवारी जमणार असाल तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, कारण एकदा आमची उसळ आणि आम्ही दोघेही वसईला अडकलो होतो आणि इकडे लोक नुसत्या पोळ्या घेऊन बसले होते.


हापूस_पेटी (१८ एप्रिल, रात्री १०.३२)

उद्या अक्षय्य तृतीया आहे, आमच्याकडे आंब्याचा नैवेद्य होईल. तोपर्यंत एवढेच सांगतो की मेच्या पहिल्या आठवड्यात हापूस चांगला पिकलेला आणि एप्रिलपेक्षा परवडणारा मिळतो. पेटी पाच-सहा दिवस आधी घेऊन गवतात आढी घाला.


जुना_भोंगा (१९ एप्रिल, सकाळी ७.०५)

पुऱ्यांची चर्चा चालू आहे ती चालू द्या, पण ही सुट्टी आली कुठून हे मुलांना त्या दिवशी कोणी सांगणार आहे का?

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सहा वर्षे ही एक मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाचे करायला वेळ हवा, असेही लोखंडे मांडत असत असे सांगितले जाते. आज आपण ‘शनिवार-रविवार जोडून आला’ असे म्हणतो, त्यातला रविवार असा मिळालेला आहे.

१ मेची गोष्ट त्याच काळातली. १८८६ मध्ये त्या तारखेला अमेरिकेत आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला, ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात रक्त सांडले, आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत जगभरच्या कामगारांसाठी हा दिवस ठरला. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलर यांनी पाळला. त्या लढ्याची मागणी अगदी साधी होती: आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे. हे शेवटचे आठ तास म्हणजेच घरची माणसे आणि मित्र. त्यामुळे झोपाळा यांनी विचारलेला प्रश्न स्वयंपाकाचा वाटला तरी तो मूळ मागणीचाच प्रश्न आहे, आणि तो विचारल्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

मुंबईकरांना या तारखेचे दुसरेही देणे आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पुढची साडेचार वर्षे चळवळ चालली, गिरणगाव तिच्यात सर्वशक्तीनिशी उतरले आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी दोघे आहेत. मी दर वर्षी नातवंडांना घेऊन सकाळी तिथे जातो, आम्ही फुले वाहतो, मग जवळच्या उपाहारगृहात इडली खाऊन नऊपर्यंत घरी येतो. तुम्हीही एकदा करून पाहा.


परळची_लेक (१९ एप्रिल, सकाळी ११.२०)

जुना भोंगा काका, तुमचे लिहिणे वाचून बरे वाटले, पण गिरणगावातल्या सुट्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी आजी परळला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत बावीस मेंबर जेवत. पहिल्या पाळीवाल्यांचे जेवण पहाटे पाचला तयार लागे, दुसऱ्या पाळीवाले अकराला येत आणि रातपाळीवाल्यांचा डबा संध्याकाळी द्यावा लागे. कोणाचा डबा कोणाचा हे कळावे म्हणून तिने प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची सुती दोरी बांधलेली असे. दोरी तुटली की कडीला हात लावून ती डबा ओळखायची. गिरणीला सुट्टी असली की मेंबरांची सुट्टी, आणि त्या दिवशी त्यांना गोडाधोडाचे हवे असे. म्हणजे गिरणी बंद त्या दिवशी आजीचे काम दुप्पट. तिला विसावा मिळायचा तो मे महिन्यात, जेव्हा मेंबर गावाला जात. पण तेव्हा खाणावळीचे पैसेही येत नसत, त्यामुळे त्या विसाव्यात तिला झोप लागत नसे.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळायची वाट उघडली. त्याआधी त्या सावकाराकडून, वाण्याकडून उधारीवर माल घेत. आजीने पहिल्यांदा बँकेच्या कागदावर सही केली तेव्हा ती सही करायला शिकून चार दिवस झाले होते, हे ती आम्हाला कौतुकाने सांगायची.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. सव्वीस माणसांचा स्वयंपाक बचत गटाकडून करून घ्या. मात्र आठ दिवस आधी सांगा, भाव पाडून मागू नका आणि डबे हातात पडतील तेव्हाच पैसे द्या. सुट्टीच्या आदल्या रात्री फोन करून ‘थोडं उद्या जमेल का’ असे विचारणारे लोक मी फार पाहिले आहेत.


फलाट_दोन (१९ एप्रिल, दुपारी १.४५)

माझे मत थोडे वेगळे आहे. बाहेरचे डबे आणले की पोट भरते, पण लोक ज्या चवीसाठी दोन-दोन तास प्रवास करून येतात ती चव राहत नाही. आईच्या हातची कैरीची डाळ ही त्या दिवसाची ओळख आहे. ती काढून घेतली तर मावशींनाच वाईट वाटेल. माझी आई अशीच होती. तिला बसवले की ती रुसायची.


परळची_लेक (१९ एप्रिल, दुपारी २.१०)

@फलाट_दोन, रुसायची हे मान्य, कारण आयुष्यभर तिची किंमत त्या ओट्यावरूनच केली गेली. डाळ तिने करावी, तिला हवी असेल तर. सव्वीस माणसांच्या पुऱ्यांचे काय?


घडीचा_चष्मा (१९ एप्रिल, रात्री ८.३०)

पुरुषांनी करावे, याहून सोपे उत्तर नाही. आम्ही तिघे भाऊ आणि दोन मेहुणे गेली सहा वर्षे १ मेचा स्वयंपाक करतो. पहिल्या वर्षी ‘वेलदोडे कुठे आहेत’, ‘झारा कुठे आहे’ असे दर पाच मिनिटांनी विचारत होतो, त्यामुळे घरातल्या बायका स्वयंपाकघराबाहेर बसूनही आतच होत्या. दुसऱ्या वर्षी आम्ही आदल्या रविवारी सगळे डबे उघडून पाहिले आणि सामान स्वतः आणले. त्यात दोन गोष्टी शिकलो. पुऱ्यांची कणीक घट्ट भिजवायची, आणि पुरी लाटायला एक, तळायला एक आणि वाढायला एक असे तीन वेगळे लोक हवेत. एकाच माणसाने तिन्ही करायचे म्हटले की तो माणूस जेवतच नाही. झोपाळा यांच्या आईंचे तेच झाले आहे.

शेवटची भांडी आणि ओटा पुसणे हेही स्वयंपाकातच धरावे, हे वेगळे सांगायला नको.


वॉर्ड_सात (२० एप्रिल, पहाटे ५.५०)

रातपाळी संपवून लिहीत आहे. मी परिचारिका आहे. तुम्ही सगळे शुक्रवारचे बेत ठरवत आहात तेव्हा माझी शुक्रवारी दुपारपाळी आहे. रुग्णालयाला सुट्टी नसते, याची खंत नाही. हे काम मी निवडले आहे आणि मला ते आवडते. पण अकरा वर्षांत आमच्या घरचे १ मेचे जेवण मला एकदाच मिळाले, कारण जमायचे ते दुपारी एकलाच. बाकीच्या वर्षी एका डब्यात झाकून ठेवलेले मिळाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने वहीत सगळ्यांच्या पाळ्या लिहून काढल्या, कारण त्याचा मित्र बेस्टमध्ये वाहक आहे आणि आमची आत्येबहीण मॉलमध्ये काम करते. ज्या वेळी चौघेही मोकळे होते ती वेळ निघाली रविवारी रात्री साडेआठची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर गरम पोळी पडली.

सुट्टी शुक्रवारी आहे म्हणून जेवणही शुक्रवारी दुपारीच असले पाहिजे, असे नाही ना? तीन दिवस आहेत. ज्याला कमी सुट्टी आहे त्याच्याकडे पाहून वेळ ठरवा.


झोपाळा_गॅलरीतला (२० एप्रिल, सकाळी ९.१५)

वॉर्ड सात ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. त्यावरून एक गोष्ट आठवते आहे, ती आईला विचारून मग लिहितो.


काउंटरवरून (२० एप्रिल, दुपारी ४.२०)

‘बाहेर जेवायला गेलात तर दुसऱ्याची सुट्टी जाते’ असे कोणीतरी पुढे लिहीलच, म्हणून आधीच लिहितो. मी दादरच्या एका उपाहारगृहात काम करतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी झाली नाही तर आमचे नुकसान होते, तेव्हा कृपा करून आमच्यावर दया म्हणून घरी बसू नका. या. फक्त बाहेर माणसे ताटकळत असताना जेवण झाल्यावर तासभर टेबल अडवू नका, मुलांनी सांडलेला भात पायाने पसरू नका, आणि वाढणारा पोरगा गावाहून आलेला असेल तर त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. आमची सुट्टी आम्ही सोमवारी घेतो. आम्ही सहा जण मिळून गिरगाव चौपाटीला जातो, तेव्हा तिथे गर्दी नसते.


तिसरा_मजला (२१ एप्रिल, रात्री ९.००)

आमच्या इमारतीत यावर मतभेद झाले आहेत. घरकामाला येणाऱ्या मावशींना १ मेची सुट्टी द्यावी असे मी म्हटले, तर एका शेजाऱ्यांचे म्हणणे पडले की पाहुणे येणार त्याच दिवशी सुट्टी कशी परवडेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत आणि त्यांत १ मेचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. पण आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला तो कायदा लागत नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा वेगळा कायदा आहे, परंतु सुट्टीचा प्रश्न शेवटी मालकिणीच्या मनावर राहतो. इथे काय करावे?


कोपऱ्यावरचा_नळ (२१ एप्रिल, रात्री १०.४०)

माझी आई बत्तीस वर्षे लोकांच्या घरी धुणीभांडी करते, म्हणून मला हे जवळून माहीत आहे.

पहिली गोष्ट, तिला विचारा. आईला १ मेपेक्षा त्याच्या आदल्या-पुढल्या दिवसाची सुट्टी हवी असते, कारण मुलांचे निकाल लागले की ती नातवंडांना घेऊन गावाला, चिपळूणला जाते आणि एसटीचे आरक्षण ज्या दिवसाचे मिळेल तो दिवस तिला मोकळा लागतो. सुट्टी तुमच्या सोयीच्या तारखेला दिली आणि तिची गाडी दुसऱ्या तारखेला असली तर त्या सुट्टीचा तिला उपयोग नाही. दुसरी गोष्ट, पगार कापू नका. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. एका घरी आईला १ मेची सुट्टी दिली होती. ती दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा बेसिनमध्ये, बेसिनखाली आणि मोरीत मिळून आदल्या दिवशीच्या पंधरा माणसांची भांडी होती. रसाची पातेली वाळून पिवळी झाली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिला तीन तास लागले आणि पुढच्या दोन घरी बोलणी खावी लागली. ती घरी येऊन म्हणाली, ‘सुट्टी दिली नसती तर बरं झालं असतं, रोजचं रोज निघालं असतं.’

सुट्टी द्यायची असेल तर त्या दिवशीची भांडी त्याच दिवशी तुम्ही घासा. निदान पाण्यात भिजवून तरी ठेवा.


तिसरा_मजला (२१ एप्रिल, रात्री १०.५८)

हे मी उद्या शब्दशः इमारतीच्या गटावर टाकणार आहे. धन्यवाद, दादा.


वैशाख_पौर्णिमा (२२ एप्रिल, सकाळी १०.३०)

यंदा १ मे आणि बुद्धपौर्णिमा एकत्र आल्या आहेत, याचा आनंद इथे अजून कोणी व्यक्त केला नाही म्हणून लिहिते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या खोलीत माझे बालपण गेले. वडील गिरणीत, आणि घरात दोन तसबिरी: तथागतांची आणि बाबासाहेबांची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्यामुळे आमच्या घरी या दोन दिवसांना वेगवेगळे कधी मानलेच नाही.

पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून पहाटे खीर करते. सुजाताने दिलेल्या खिरीची आठवण म्हणून ती तांदळाची असते, साखर बेताची, आणि ती आधी मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाते, मग आमच्या ताटात येते. मजल्यावर वीस खोल्या होत्या, त्यामुळे मोठे पातेले शेजारून मागून आणावे लागे. ज्यांचे पातेले त्यांची खीर पातेल्यातच राहायची, वाटीत काढायची नाही. ही पद्धत कोणी घातली माहीत नाही, पण अजून पाळली जाते.

ज्यांना मुलांना घेऊन जवळ कुठे जायचे आहे त्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी पाहावीत. शंभराहून अधिक लेणी आहेत, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बुद्धांच्या दोन भव्य उभ्या मूर्ती आहेत, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहून मुले हमखास प्रश्न विचारतात. ऊन चढायच्या आत वर पोहोचा आणि पिण्याचे पाणी भरपूर ठेवा.


हापूस_पेटी (२२ एप्रिल, सकाळी ११.०५)

फिरायला जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, पण जोडून सुट्टीला तिचे तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. माथेरानला त्या तीन दिवसांत न गेलेलेच बरे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी राणीच्या बागेत सकाळी जावे. पेंग्विन पाहायची रांग उन्हाआधी संपते.


जुना_भोंगा (२२ एप्रिल, संध्याकाळी ६.१५)

परळची लेक, तुमच्या आजींच्या दोऱ्यांबद्दल वाचले आणि डबा उघडल्यासारखे वाटले. मी स्वतः १९७४ ते १९८२ अशाच एका खाणावळीत जेवत होतो. माझी दोरी हिरवी होती. संप सुरू झाला, पगार थांबला, तरी आमच्या बाईंनी आम्हा अकरा जणांना चार महिने उधारीवर जेवू घातले. त्यांचे सगळे पैसे आमच्याकडून फिटले नाहीत. ज्या सुट्टीची मी वर एवढी गोष्ट सांगितली तिच्यात या बाईंचे नाव मी कधी घेतले नव्हते, आणि हे मला तुमच्यामुळे जाणवले. येत्या १ मेला चौकात फुले वाहताना नातवंडांना त्यांच्याबद्दलही सांगेन.


परळची_लेक (२२ एप्रिल, संध्याकाळी ६.४०)

काका, नमस्कार करते. आजीच्या डब्यांच्या दोऱ्यांत हिरवीही होती.


झोपाळा_गॅलरीतला (२६ एप्रिल, रात्री ९.३०)

आईशी बोललो. मला अंधुक आठवत होते ते खरे निघाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडिलांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली, आणि त्या जागी १ मेला सुट्टी नसे. सकाळी आठ ते रात्री आठ. गिरणीत असताना ज्या दिवशी ते हक्काने घरी असत, त्याच दिवशी त्यांना गणवेश घालून दुसऱ्याच्या फाटकावर बसावे लागे. तेव्हा चाळीतल्या त्यांच्या साचेखात्यातल्या सोबत्यांनी ठरवले की १ मेला सगळ्यांनी रात्री नऊला आमच्या खोलीबाहेर, गॅलरीत जमायचे, म्हणजे त्यालाही सुट्टी मिळाल्यासारखे होईल. जेवण म्हणजे पिठले-भात आणि मोठ्या पातेल्यात पन्हे. पिठले पुरुष करत, कारण बायका नळाची वेळ सांभाळून थकलेल्या असत. वडील निवृत्त झाल्यावर जमणे दुपारवर आले, पिठल्याची आमरस-पुरी झाली, माणसे वाढली, आणि काम हळूहळू एकट्या आईकडे गेले. कोणी ठरवून केले नाही.

वॉर्ड सात ताईंनी लिहिले नसते तर हे मला आठवले नसते. ज्याला सुट्टी नाही त्याच्यासाठी सुरू झालेला हा रिवाज आहे.

म्हणून आता असे ठरले आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण हुतात्मा चौकात जाणार, दुपार ज्याची त्याने आपापल्या घरी घालवायची. जेवण शनिवारी रात्री नऊला, कारण पनवेलचा चुलतभाऊ गोदामातली पाळी संपवून तेव्हाच पोहोचतो आणि आमच्या इमारतीचे पहारेकरीही आठला सुटतात. त्यांनाही बोलावले आहे. पिठले, भात आणि भाकरी. भाकऱ्या बचत गटाकडून घेणार आहोत, पैसे आगाऊ दिले आहेत. पिठले मी आणि दोन मेव्हणे करणार. कैरीची डाळ आई करणार, कारण तिला विचारले तेव्हा तिने तेवढेच मागून घेतले. फलाट दोन, हे तुमच्यासाठी लिहितो आहे.


फलाट_दोन (२६ एप्रिल, रात्री १०.०५)

मिळाले. मनापासून धन्यवाद.


घडीचा_चष्मा (२७ एप्रिल, सकाळी ८.१०)

पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून डाळीचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या. सव्वीस माणसांचे एकाच कढईत करू नका, दोन घाणे करा. डबे शुक्रवारीच उघडून पाहा.


झोपाळा_गॅलरीतला (४ मे २०२६, सकाळी ७.४५)

शनिवारी एकतीस जण आले. पिठल्याचा पहिला घाणा थोडा करपला, दुसरा उत्तम झाला. पहारेकरी काका गणवेश बदलून, केस ओले करून, हातात अर्धा डझन केळी घेऊन आले. मूळचे ते जौनपूरचे, पिठले त्यांनी पहिल्यांदाच खाल्ले आणि त्यांच्या गावच्या कढीची कृती आईला सांगितली. पनवेलचा भाऊ दहाला दहा मिनिटे असताना पोहोचला, तोवर कोणी जेवायला बसले नव्हते. उशीर झाला म्हणून तो दारातच माफी मागू लागला, तेव्हा मोठ्या काकांनी त्याला सांगितले की तुझ्या चुलत्याची वाट आम्ही अशीच बघायचो.

आईला पहिल्या पंगतीत बसवले. दहा मिनिटे तिला हातांचे काय करावे हे कळेना. तिने शेजारच्या मुलीच्या ताटातल्या मिरच्या वेचून बाजूला ठेवल्या, वाटीचा काठ पुसला, दोनदा उठायला गेली. मग माझ्या मेव्हण्याने तिच्या ताटात गरम पिठले वाढले. तिने घास घेतला, मीठ कमी आहे असे सांगितले आणि त्यानंतर ती उठली नाही. दोनदा भात मागून घेतला. भांडी आम्ही सहा जणांनी साडेबाराला संपवली.

एक अडचण मात्र राहिली. पन्हे पातळ झाले आणि कोणालाच वडिलांचे प्रमाण माहीत नव्हते. आईने ते कधी केले नव्हते, कारण पन्हे साचेखात्यातली मंडळी करत. कोणाला ठाऊक असेल तर सांगा, पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवतो.


जुना_भोंगा (४ मे, सकाळी ८.३०)

आमच्या खात्यात असे करत. कैऱ्या सालीसकट उकडून गार होऊ द्यायच्या, गर हाताने काढायचा, कोयही पिळून घ्यायची. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ. कैरी फार आंबट असेल तर दोन वाट्या. त्यात वेलदोड्याची पूड आणि मीठ घालून घोटायचे आणि हा गोळा तसाच ठेवायचा. पाणी सगळ्यात एकदम घालायचे नाही, माणूस आला की त्याच्या पेल्यात दोन मोठे चमचे गर आणि वर माठाचे पाणी. म्हणजे उशिरा पाळीवरून येणाऱ्याचे पन्हेही पातळ होत नाही.




वॉर्ड_सात (४ मे, दुपारी २.५०)

आमचे काल रात्री साडेआठला झाले. पोळी गरम होती.